मायक्रोस्कोप रात्रभर चालतो, पण टार्गेटांची रांग कोण लावतं?

गेल्या अंकात क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीवर, म्हणजे प्रोटीन बर्फात गोठवून त्याचे फोटो काढायच्या तंत्रावर लिहिलं होतं. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, रात्री ऑपरेटर घरी गेल्यावर मशीनला कळतं कसं की पुढचा फोटो कुठे काढायचा. नावं नेहमीसारखी गाळली आहेत आणि प्रश्न थोडे छाटलेत.

प्रश्न (पुण्याहून, पीएचडी करणारी वाचक): ताई, पुढच्या महिन्यात आम्हाला बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातल्या नॅशनल फॅसिलिटीत टायटन क्रायोस या मायक्रोस्कोपवर २४ तासांचा स्लॉट मिळालाय. सिनियर म्हणतो, दुपारी टार्गेटं, म्हणजे फोटो काढायच्या जागा, क्यू करून टाक आणि रात्री मस्त झोप. क्यू करायचं म्हणजे नक्की काय करायचं? आणि खरंच झोपता येतं का?

उत्तर: झोपता येतं गं, पण त्यासाठी दुपारचे काही तास मान मोडून बसावं लागतं, ते सांगायचं सिनियर विसरलेला दिसतोय.

आधी ग्रिड डोळ्यासमोर आण. ३ मिलिमीटरची तांब्याची नाहीतर सोन्याची चकती, तिला जाळी, जाळीच्या प्रत्येक चौकोनात कार्बनचा पातळ पडदा आणि त्या पडद्याला ओळीने भोकं. क्वांटिफॉइल कंपनीचं आर १.२/१.३ जातीचं ग्रिड घेतलंस तर भोक १.२ मायक्रॉनचं आणि दोन भोकांमधला पडदा १.३ मायक्रॉन, म्हणजे एका भोकाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत २.५. ३०० मेशच्या ग्रिडवर एका चौकोनात अशी काहीशे भोकं मावतात. तुझं प्रोटीन त्या भोकांमधल्या बर्फाच्या थरात बसलेलं.

मशीन पायरीपायरीने आत जातं. सगळ्यात कमी मॅग्निफिकेशनला अख्ख्या ग्रिडचा नकाशा, त्याला सगळे ॲटलसच म्हणतात, त्यातून चौकोन निवडायचे. मग एकेका चौकोनाचा फोटो, त्यात भोकांचे चांगले पट्टे शोधायचे. मग त्या पट्ट्याचा अजून जवळचा फोटो, त्यावर नेमकी भोकं आणि बाजूच्या कार्बनवर फोकस करायची जागा, अशा खुणा करायच्या. आणि शेवटी खरं एक्स्पोजर, त्यात दर चौरस अँगस्ट्रॉमला साधारण ४० ते ६० इलेक्ट्रॉन जातात आणि तेवढ्यात ती जागा खलास होते, परत फोटो काढून काही उपयोग नाही. म्हणून फोकसही शेजारी करतात, भोकावर नाही.

आता क्यू नसेल तर काय होतं बघ. मशीन पहिल्या चौकोनाचा फोटो दाखवून थांबतं, तू खुणा करतेस, सबमिट दाबतेस, ते जाऊन त्या चौकोनातली सगळी एक्स्पोजर काढून येतं आणि दुसऱ्या चौकोनाचा फोटो दाखवून परत तुझ्या तोंडाकडे बघत बसतं. तू चहाला गेलीस की तेही बसलं. पहाटे तीनला तुझा डोळा लागला तर सकाळपर्यंत बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत, चालू आणि काम शून्य. क्यू चालू केलास की हा क्रम मोडतो. सगळ्या चौकोनांचे फोटो आधी एकामागून एक येतात, तू एका बैठकीत सगळ्यांवर खुणा करत जातेस, तोवर एकही एक्स्पोजर होत नाही, आणि शेवटी एकदाच सबमिट क्यू. त्यानंतर मशीनला तुझी गरज नाही. मायक्रोस्कोप चालवायची सॉफ्टवेअर वेगवेगळी आहेत. लेजिनॉनमध्ये हे जवळजवळ याच शब्दांत आहे, टार्गेटिंगच्या सेटिंगमध्ये क्यूवर टिक करायची. सीरियलईएममध्ये नॅव्हिगेटरच्या यादीत जागा जमवायच्या, त्यांना अक्वायरची खूण लावायची आणि मग ‘अक्वायर ॲट आयटम्स’. ईपीयू हे तिसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची बटणं वेगळी, पण तिथेही माणसाने आधी ठरवून ठेवायचं आणि मशीनने मागून काढत बसायचं हेच.

लेजिनॉन ब्रिजेट कॅरेगर आणि क्लिंट पॉटर यांच्या गटाचं, २००० च्या सुमाराचं, नवं रूप २००५ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत असताना छापून आलं. सीरियलईएम कोलोरॅडोच्या बोल्डरमधल्या डेव्हिड मॅस्ट्रोनार्डेंचं, त्याचा पेपरही २००५ चाच. म्हणजे २०१७ ला द्युबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना नोबेल मिळालं आणि सगळं जग क्रायो-ईएमकडे धावलं त्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी रांगा लावत होती.

सिनियरचं ऐक, पण त्यात एक बदल कर. पहिला क्यू छोटा लाव, तीनचार चौकोनांचा, आणि ते मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या बर्फाचे घे. ॲटलसवर जे चौकोन डोळ्याला देखणे दिसतात तेच प्रोटीनला आवडतात असं अजिबात नाही. बर्फ फार पातळ असेल तर भोकाच्या मध्यातून प्रोटीन कडेला ढकललं जातं आणि फोटो सुंदर स्वच्छ, पण रिकामा. जाड असेल तर पार्टिकल, म्हणजे प्रोटीनचे सुटे कण, एकावर एक आणि कॉन्ट्रास्ट गेलेला. तर आधी थोडे फोटो येऊ देत, मोशन करेक्शन (फोटोतली हालचाल काढून टाकणं) आणि सीटीएफ (फोटोचा फोकस आणि दर्जा मोजणं) बहुतेक ठिकाणी लगेच मागोमाग चालू असतं, ते बघ, कुठल्या जाडीला पार्टिकल सुटे सुटे आणि वेगवेगळ्या कोनांतून दिसतायत ते बघ, आणि मग त्याच जातीचे चौकोन शोधून रात्रीचा मोठा क्यू लाव. या दोनतीन तासांची कंजुषी करून दुपारी बारालाच सगळं सबमिट करणारे लोक दुसऱ्या दिवशी हजारो फोटो घेऊन घरी जातात आणि महिनाभर त्यात पार्टिकल शोधत बसतात.

प्रश्न (बोस्टनजवळून, पोस्टडॉक): संध्याकाळी क्यू लावला तेव्हा सगळी टार्गेटं भोकाच्या अगदी मधोमध होती. सकाळी बघतो तर पहाटे दोननंतरच्या फोटोंत अर्धी फ्रेम कार्बन. फॅसिलिटीवाले म्हणतात मशीन ठीक आहे. मग गडबड कुठे?

उत्तर: मशीन ठीकच असणार, तुमची टार्गेटं शिळी झाली.

हिशोब करून बघा. के३ कॅमेरा ५७६० बाय ४०९२ पिक्सेलचा, पिक्सेल साइज १ अँगस्ट्रॉम धरली तर फ्रेम साधारण ०.५८ बाय ०.४१ मायक्रॉन. भोकाची त्रिज्या ०.६. फ्रेमच्या मध्यापासून कोपरा ०.३५ वर. म्हणजे नेम पाव मायक्रॉनने हुकला की कोपरा कार्बनला टेकलाच, अर्ध्याने हुकला तर तुम्ही सांगताय तसं चित्र. आणि मेकॅनिकल स्टेज, म्हणजे ग्रिड धरून सरकवणारा भाग, दुसऱ्या चौकोनात जाऊन परत आली की एखाददोन मायक्रॉन इकडेतिकडे उभी राहणं यात कोणालाच नवल वाटत नाही. म्हणजे स्टेजच्या आकड्यांवर विसंबून कोणीच भोक गाठत नाही, दरवेळी फोटो काढून, जुन्या फोटोशी जुळवून, किती सरकलंय ते मोजून नेम दुरुस्त करावा लागतो. क्यू नसताना हे जाणवत नाही कारण तुम्ही आत्ता काढलेल्या फोटोवर आत्ता खूण केलेली असते. क्यूमध्ये खूण संध्याकाळी सहाची आणि एक्स्पोजर पहाटे चारचं. मधल्या दहा तासांत स्टेज पन्नास ठिकाणी फिरली, थंडाव्यासाठीची नायट्रोजनची टाकी दोनदा भरली, तापमान किंचित हललं, आणि मुख्य म्हणजे ग्रिड स्वतः सपाट नसते, त्यामुळे एका चौकोनात झेड, म्हणजे वरखाली उंची, बरोबर असली तरी चार चौकोन सोडून पुढे ती कितीतरी मायक्रॉन वेगळी निघते.

उपाय दोन आणि दोन्ही लागतात. पहिला, जागा सुधारणं चालू आहे का बघा. लेजिनॉनमध्ये टार्गेट ज्या फोटोवर निवडलं तोच फोटो त्या वेळी पुन्हा काढून फरक भरून काढायची सोय आहे, सीरियलईएममध्ये ‘रीअलाइन टू आयटम’ आहे. वेळ वाचवायला हे बंद ठेवणारे मी बरेच बघितलेत, दर गटामागे काही सेकंद वाचतात आणि पहाटेचा डेटा जातो. दुसरा, युसेंट्रिक हाइट, म्हणजे स्टेज तिरकी केली तरी जागा सरकत नाही ती झेड उंची, दर चौकोनाला नव्याने लावायला सांगा, ॲटलसच्या वेळी एकदा लावली आणि झालं, असं चालत नाही. ग्रिड तिरकी करून डेटा काढत असाल तर हे डबल महत्त्वाचं, कारण ३० अंश तिरक्या स्टेजवर झेड १ मायक्रॉन चुकली की नेम अर्धा मायक्रॉन सरकतो, आणि अर्धा मायक्रॉन सरकला की काय होतं ते तुम्ही सकाळी बघितलंच आहे.

अजून एक, तुमच्या पत्रात ‘दोननंतर’ असं आहे त्यावरून शंका येते. लॉग उघडून नायट्रोजन कधी भरला ते बघा. भरताना आणि भरल्यावर थोडा वेळ सगळंच थरथरतं, सॉफ्टवेअरला थांबायला सांगितलेलं नसेल तर तेवढ्या वेळाचे फोटो ड्रिफ्टमध्ये, म्हणजे नमुना हळूहळू सरकत राहिल्याने वाया, जातात, आणि त्याच वेळी नेमका रीअलाइनचा फोटो काढला गेला तर पुढचा अख्खा गट चुकीच्या जागी जातो.

प्रश्न (हिंजवडीहून, सॉफ्टवेअरमध्ये आहे): हा तर सरळ ट्रॅव्हलिंग सेल्समनचा प्रॉब्लेम झाला. सगळ्या टार्गेटांचा सगळ्यात छोटा रस्ता काढला की झालं, यात माणसाने डोकं का लावायचं?

उत्तर: छोटा रस्ता काढायची सोय आहे आणि ती वापरतातही. पण तुम्ही धरताय तिथे खर्च नाहीये हो. स्टेज ५ मायक्रॉन सरकली काय आणि ५०० मायक्रॉन सरकली काय, सरकण्याचा वेळ किरकोळ, खरा वेळ जातो तो ती थांबल्यावर निवळण्यात. थांबली असं वाटतं पण अँगस्ट्रॉमच्या हिशोबात ती अजून रांगत असते, तेव्हा ड्रिफ्ट मोजत थांबावं लागतं. शिवाय गिअरमधली ढिलाई घालवायला स्टेज दरवेळी एकाच दिशेने जागेवर आणतात, म्हणजे थोडी पुढे जाऊन मागे येते, त्यामुळे तुमच्या नकाशावरची सरळ रेघ प्रत्यक्षात सरळ नसतेच. तर प्रश्न रस्ता छोटा करायचा नसून थांबे कमी करायचा आहे. पेपर टाकणारा पोरगा एका सोसायटीत शिरला की सायकल खाली लावून सगळ्या मजल्यांचे पेपर टाकूनच बाहेर येतो, तसं.

आणि दुसरं, सगळी टार्गेटं सारख्या किमतीची नसतात. स्लॉट संपायच्या आत क्यू संपेलच याची कोणीच गॅरंटी देत नाही, मधेच काहीतरी अडकतंच, म्हणून सगळ्यात चांगले चौकोन रांगेत आधी. जवळचा पण टुकार चौकोन आधी घेऊन लांबचा चांगला सकाळी सहावर ढकलणारा अल्गोरिदम कागदावर शहाणा, पण रिसर्च स्टुडंटच्या शिव्या खाणारा. चौकोनांचा क्रम माणसाने लावावा आणि चौकोनाच्या आतला क्रम कॉम्प्युटरवर सोडावा, मला तरी हेच पटतं.

प्रश्न (हैदराबादहून, पीएचडी): आमच्याकडे स्टेज एकदा थांबवून ९ भोकांचे फोटो काढतात, इमेज शिफ्टने. शेजारच्या लॅबमध्ये २५ काढतात. आम्हीही २५ करावीत का? तेवढ्याच वेळात किती जास्त डेटा!

उत्तर: वरच्या उत्तरात थांबे कमी करा म्हटलं त्याचाच हा पुढचा भाग. स्टेज न हलवता कॉइलने बीम आणि इमेज दोन्ही सरकवायची, ते जवळपास लगेच होतं. २.५ मायक्रॉन अंतराच्या ग्रिडवर ३ बाय ३ च्या पॅटर्नमध्ये कोपऱ्याचं भोक मध्यापासून साडेतीन मायक्रॉनवर, ५ बाय ५ मध्ये सात मायक्रॉनवर. जितकं लांब तितका बीम तिरका होतो आणि कोमा, म्हणजे चित्र फाकवणारा भिंगाचा दोष, शिरतो. मायक्रोस्कोपवर कोमाचं कॅलिब्रेशन नीट केलेलं असेल आणि सॉफ्टवेअर शिफ्टबरोबर बीम टिल्ट भरून काढत असेल तर २५ ला हरकत नाही, खूप ठिकाणी तसंच चालतं. उरलीसुरली चूक नंतर प्रोसेसिंगमध्ये निघते, त्यासाठी कुठला फोटो पॅटर्नमधल्या कितव्या भोकाचा ते माहीत हवं, रिलायन या प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिक्स ग्रुप, म्हणजे सारख्या दोषाच्या फोटोंचे गट, करतात ते त्याचसाठी. फाइलच्या नावात तो नंबर येतोय का ते पहिल्या दहा फोटोंतच बघून घ्या.

फोकसचंही बघा. २५ भोकांना मिळून फोकस एकदाच होतो. चौकोन सपाट असेल तर ठीक, मधे फुगलेला असेल तर पॅटर्नच्या दोन टोकांना डिफोकस, म्हणजे मुद्दाम फोकसपासून थोडं हटून ठेवलेलं अंतर, वेगळा येणार. थोडा वेगळा चालतो, आपण तसाही तो ०.८ ते २ मायक्रॉन असा बदलता ठेवतोच.

त्यावरून आठवलं. डिफोकस दर फोटोला बदलत ठेवत असाल आणि यादीत ९ आकडे असतील आणि पॅटर्नही ९ भोकांचा असेल, तर काय होईल? पहिल्या भोकाला कायम पहिला डिफोकस, नवव्याला कायम नववा. म्हणजे कोपऱ्याचा कोमा आणि ठरावीक डिफोकस यांची जोडी जमली, नंतर सोडवायला कटकट. यादीत ७ किंवा ८ आकडे ठेवले की आपोआप फिरत राहतं. एवढीशी गोष्ट आहे, पण कोणी सांगत नाही.

प्रश्न (संगमनेरहून, शिक्षक): आता सगळीकडे एआय आलंय. चौकोन आणि भोकं निवडायला अजून माणूस कशाला?

उत्तर: सर, भोकं शोधायला माणूस बऱ्याच ठिकाणी लागत नाही, टेम्प्लेटने भोकं शोधणं तर जुनंच. न्यूरल नेटवर्कने चौकोनही निवडणारी टॉलेमी, स्मार्टस्कोप अशी सॉफ्टवेअर गेल्या काही वर्षांत आलीत आणि विशेषतः स्क्रीनिंगला, म्हणजे ऑटोलोडरमध्ये १२ ग्रिड भरून त्यातली कामाची कुठली ते रात्रीत बघायला, ती झकास आहेत. अडतं ते इथे की चांगला बर्फ म्हणजे काय हे प्रोटीनगणिक बदलतं. एखादं मोठं व्हायरस कॅप्सिड, म्हणजे व्हायरसचं कवच, जाड बर्फात खुशाल राहील आणि छोटं मेंब्रेन प्रोटीन त्याच जाडीत दिसणारही नाही. फोटोत पार्टिकल दिसले की नाही हे मशीनला परत कळवून पुढची रांग बदलायची, यावर काम चालू आहे. तोपर्यंत पहिला छोटा क्यू बघून ठरवणारं माणूसच लागतं.

प्रश्न (पहिल्याच वाचकाचा दुसरा मेल): आणि ताई, रात्रीत मधेच काही बंद पडलं तर? सगळ्या खुणा परत करायच्या का?

उत्तर: नाही करायच्या. लेजिनॉन प्रत्येक टार्गेट डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो, तेच सेशन परत उघडलंस की राहिलेली रांग तिथूनच पुढे चालते. सीरियलईएममध्ये नॅव्हिगेटरची फाइल सेव्ह असली पाहिजे, क्यू चालू करायच्या आधी हाताने एकदा सेव्ह कर आणि एक कॉपी वेगळ्या नावाने ठेव. पण परत चालू करताना लगेच सोडू नकोस, बंद पडून तास-दोन तास झाले असतील तर आधी एक टार्गेट एकटं चालवून ते भोकाच्या मध्यात पडतंय का बघ, बोस्टनवाल्यांचं उत्तर वाचलंस ना वर.

झोपायच्या आधी अजून दोनच गोष्टी बघ. डिस्कवर जागा आहे का, कारण के३ चे मूव्ही डोळ्यादेखत टेराबाइट खातात आणि डिस्क भरली की क्यू गुपचूप थांबतो. आणि शेवटी कॉलम व्हॉल्व्ह, म्हणजे बीम अडवणारी झडप, बंद करायचा आणि तुला ईमेल पाठवायचा असे दोन्ही पर्याय सीरियलईएममध्ये आहेत, दोन्हीवर टिक कर. ईमेल पहाटे चारला आला तर फोन सायलेंटवर नको, कारण चारला क्यू संपला असेल तर स्लॉट दहाला संपत असेल तर तोवरचे सहा तास तुझेच आहेत, उठून अजून दोनचार चौकोन रांगेत लावता येतात.